खोचलेला कागद

“आलात एकदाचे!”

लिफ्टवाला दचकलाच. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या येण्याचा कुणाला एवढा आनंद झाला नव्हता. लिफ्टवाला दुरुस्तीला येतो तेव्हा लोक आधीच चार मजले चढून दमलेले असतात. त्यांच्या तोंडून जे निघतं त्याला कुणी स्वागत म्हणणार नाही.

आणि इथे शाळेच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक मुलगी दोन्ही हात पसरून उभी होती. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या, तिसरी कानामागे, आणि चौथी हरवली म्हणून नजर भिरभिरत होती.

“दोन वाजल्यापासून वाट बघतेय. अर्ध्या तासात पोचतो म्हणालात ना फोनवर? साडेतीन झाले. चला, चला, आत चला!”

“मॅडम, मी—”

“कारणं नकोत. गाडी पंक्चर झाली, आजी आजारी पडली... मी शाळेत शिकवते हो, सगळी पाठ आहेत मला.”

खरं सांगायला त्याला चार शब्द पुरले असते. मॅडम, मी लिफ्टवाला आहे. शाळेची लिफ्ट मधेच अडकते अशी तक्रार होती म्हणून तो आला होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघाला होता. काखेत ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी होती. जाता जाता ती दाराला अडकवायची असते, पण खिळा सापडला नाही म्हणून काखेतच राहिली होती. पण ती मुलगी त्याच्या हातातली पेटी ओढत पुढे निघाली होती, आणि पेटीच्या मागे माणसाला जावंच लागतं. अवजारं महाग असतात. निदान त्याने स्वतःला तरी तसंच सांगितलं.

ऑफिसात शिरताच तिने एका टेबलाकडे बोट केलं. “हा बघा. मेलाय.”

टेबलावर कॉम्प्युटर होता. मॉनिटर काळाठिक्कर. शेजारी सीपीयू म्हणून जे काही होतं ते एखाद्या जुन्या तिजोरीच्या धाकट्या भावासारखं दिसत होतं. लोखंडी, जाडजूड, कुणावरही विश्वास नसलेलं.

लिफ्टवाल्याने पाटी हळूच भिंतीला टेकवली. अक्षरं भिंतीकडे.

“मॅडम, आधी एक सांगायचं होतं—”

“आधी मी सांगते. यात टाइमटेबल आहे. अख्ख्या शाळेचं. बावीस शिक्षक, अठरा वर्ग, तीन आठवडे डोकं फोडलंय मी. सुट्टी संपून उद्या सकाळी सात वाजता शाळा उघडते आणि आज सव्वाचारला मोठ्या बाई मीटिंगहून येऊन ते बघणार आहेत. एकाही भांडणाशिवाय टाइमटेबल झालं तर मी कायम. नाही झालं तर...” तिचा आवाज जरा बारीक झाला. “तीन वर्षं झाली मला इथे. अजून शिपाईमामा मला ‘नव्या बाई’ म्हणतात. का? कारण नोकरी दर वर्षी नवीच असते.”

लिफ्टवाला गुडघ्यांवर बसला आणि कॉम्प्युटरकडे गंभीरपणे बघू लागला. कॉम्प्युटरनेही त्याच्याकडे तसंच बघितलं. दोघांची ओळख नव्हती.

“काय वाटतं?” तिने श्वास रोखून विचारलं.

“बटण दाबलं की काय होतं?”

“काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही.”

“मधेच थांबतो का... दोन मजल्यांच्या—म्हणजे, दोन कामांच्या मधे?”

“नाही. जेवायला जाताना मी स्वतः बंद केला. चांगला होता. आल्यावर उठेचना.”

त्याने भिंतीतला प्लग हलवून बघितला. टेस्टर लावला. त्यातला लाल दिवा लागला. भिंतीपर्यंत वीज येत होती, वायरीतही होती. इथवर लिफ्ट आणि कॉम्प्युटर सख्खे भाऊ होते, त्यामुळे त्याला धीर आला आणि त्याने धंद्यातला पुढचा प्रश्न सवयीने विचारून टाकला.

“किती माणसं घेतो हा?”

“काय?”

“नाही म्हणजे... वजन जास्त झालंय का?”

तिने विचार केला. “फायली खूप आहेत आत.”

“हं,” तो म्हणाला. “तरीच.”

ती इतक्या विश्वासाने मान डोलावत होती की त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या बरोबरीने आणखी काहीतरी वाटलं, जे आजवर कुठल्याही मजल्यावर वाटलं नव्हतं. त्याची आत्या नेहमी म्हणायची, “वर-खाली, वर-खाली करण्यातच तुझा जन्म जाणार, मधे कुठे थांबशील की नाही?” आज थांबला होता. चौथ्यावर.

“टॉर्च धराल जरा?”

ती शेजारी येऊन बसली. टॉर्च धरण्याची तिची पद्धत अशी होती की उजेड त्याच्या तोंडावर आणि अंधार कॉम्प्युटरवर.

“मॅडम, बिघाड त्याच्यात आहे.”

“माहितीये. पण तुमच्या नाकाला काळं लागलंय, तिकडेच लक्ष जातंय.” तिने रुमाल पुढे केला. मग एकदम, “अरेच्चा, माझी पेन्सिल!” असं म्हणत त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.

“ती माझी आहे.”

“तुमची?” तिने पेन्सिल उलटसुलट बघितली. “मग माझी कुठेय?”

“दोन डोक्यात आहेत, एक कानामागे. चौथी ही घ्या, टेबलाखाली पडली होती.”

ती हसली. वर्गात हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून ठेवायची सवय असलेलं हसू. ते दाबलं गेलं नाही की फार छान दिसतं... हे त्याला तेव्हा कळलं.

त्या गडबडीत पेन्सिलींची अदलाबदल झाली, आणि दोघांनीही ती दुरुस्त केली नाही.

“एवढं अवघड असतं टाइमटेबल?” स्क्रू शोधता शोधता त्याने विचारलं. बोलत राहिलं की माणूस तज्ज्ञ वाटतो.

“अवघड? गणिताच्या सरांना जेवणानंतर तास नको. म्हणतात, मुलं झोपतात. मुलं म्हणतात, सर झोपतात. संगीताच्या बाई आणि भाषेचे सर शेजारच्या वर्गांत नकोत, कारण ते एकमेकांशी बोलत नाहीत. विज्ञानाच्या बाई आणि इतिहासाचे सरही शेजारी नकोत, कारण ते फार बोलतात. आणि पी.टी.चे सर! सात पानी अर्ज दिलाय त्यांनी. पहिला तास नको, गवतावर दव असतं. शेवटचा नको, ऊन असतं. मधले नकोत, भूक लागते.”

“मग ते शिकवणार कधी?”

“तेच मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा.”

ती तावातावाने टेबलावर टेकली. टेबल जरासंही डुगडुगलं नाही. लिफ्टवाल्याने सहज खाली बघितलं. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी होती. मग खिडकीकडे बघितलं. झडपेत घडी. कपाटाच्या दारात घडी. पंख्याच्या रेग्युलेटरखालीसुद्धा घडी.

“हे सगळं तुम्ही?”

“मग? हललेलं, खडखडणारं मला सहन होत नाही. घडी घालायची आणि खोचायची. शाळेत कागदाला काय तोटा.”

“माणूस हलला तर?”

“म्हणजे?”

“काही नाही,” लिफ्टवाला म्हणाला आणि घाईघाईने तिजोरीच्या मागे डोकं घातलं. कान लाल झाले होते. टॉर्च नेमका आता कॉम्प्युटरवर होता, हे त्याचं नशीब.

तेवढ्यात घंटा वाजली.

शाळेची नव्हे. शाळेची घंटा ठण्ण करते. ही किरकिरत, रडत, थांबत, परत रडत वाजत होती, आणि या इमारतीत तो आवाज नीट ओळखणारा एकच माणूस सीपीयूच्या मागे डोकं घालून बसला होता.

दार ढकलून शिपाईमामा आत आले. धापा टाकत.

“नव्या बाई! मोठ्या बाई अडकल्या! लिफ्टमधे! दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे!”

“अगंबाई! आत्ता? चारच वाजलेत! लवकर कशा आल्या?”

“आल्या तर आल्या. आणि त्यांच्याबरोबर एक माणूस पण आहे. पाठीला पिशवी. आतून ओरडतोय, मी कॉम्प्युटरवाला आहे, मला चौथ्यावर बोलावलंय.”

ती हळूच वळली. तिने तिच्या कॉम्प्युटरवाल्याकडे बघितलं, त्याच्या नाकावरच्या ग्रीसकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे गेली आणि ती उलटी केली.

लिफ्ट बंद आहे.

“ही पाटी खाली दारावर असती,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली, “तर मोठ्या बाई जिन्याने आल्या असत्या.”

“हो.”

“आणि तुम्ही...”

“लिफ्टवाला.”

“आणि मघाशी ते वजन, फायली... तरीच म्हणालात!”

“चुकलो. पण मॅडम, खोटं मी एकदाही बोललो नाही. खरं बोलायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तीन वर्षांत शिपाईमामांनी हे दृश्य पहिल्यांदाच बघितलं.

लिफ्टवाला उठला, पेटी उचलली, दारापर्यंत गेला. आता कॉम्प्युटरवाला असण्याचं ओझं डोक्यावर नव्हतं आणि एकदम सगळं लख्ख दिसत होतं. टेबल, खिडकी, कपाट... तो गर्रकन मागे फिरला.

“लिफ्ट जागची हलत नसेल ना, तर दहातल्या नऊ वेळा कुठल्यातरी दारात काहीतरी अडकलेलं असतं. दार नीट लागलं नाही की आमची लिफ्ट उठतच नाही. हा तुमचा डबा खडखडायचा का?”

“घरघरायचा. झाकण सैल आहे त्याचं. म्हणून मी जेवायला जाताना...” ती थबकली. हात आपोआप तोंडावर गेला. “...घडी खोचली.”

दोघंही एकदमच गुडघ्यांवर बसले. डोकी आपटली. झाकणाच्या फटीत जाडजूड घडी होती, इतकी पद्धतशीर घातलेली की झाकणाचाच भाग वाटावी. त्याने ती उपटली. झाकणाच्या आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक कळ होती. झाकण पूर्ण बसलं तरच दाबली जाणारी.

“ही बघा! आमच्याकडे प्रत्येक दाराला असते.” तो हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखा हसला. झाकण दाबून धरलं. “लावा आता.”

तिने डोळे मिटून बटण दाबलं. आत पंखा फिरला. मॉनिटर उजळला. त्या निळ्या उजेडात तिचा चेहरा असा काही दिसला की लिफ्टवाला झाकण धरून तसाच बसून राहिला. घंटा परत रडली तेव्हा भानावर आला.

तिने हातातली घडी उलगडली. सात पानं.

“पी.टी.चे सर,” ती म्हणाली. “बघा! अख्खी शाळा बंद पाडली असती यांनी.”

“मी जातो. माणसं अडकलीत.”

“थांबा!” तिने त्याची बाही धरली. “बावीस पानं छापायची आहेत. आमचा प्रिंटर म्हातारा आहे. दहा मिनिटं... फक्त दहा मिनिटं लटकू देत ना त्यांना!”

शिपाईमामांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

तिची बोटं अजून बाहीवर होती. त्या क्षणी तिने शाळा डोक्यावर उचलायला सांगितलं असतं तरी त्याने ‘कुठे ठेवू’ एवढंच विचारलं असतं. पण हे नाही.

“अडकलेल्या माणसाला मी एक मिनिटही जास्त ठेवत नाही,” तो म्हणाला. “पोटात काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही.”

तिची बोटं सुटली. मान खाली गेली. “बरोबर आहे तुमचं. जा.”

तो गच्चीकडे धावला. पाठोपाठ शिपाईमामा धावले, कारण आतल्या माणसाचा निरोप होता. “तो कॉम्प्युटरवाला म्हणतोय, मेन स्विच बंद करा, दहा मोजा, परत चालू करा!”

“ते त्याच्या धंद्यात चालतं, मामा!”

मशीनच्या खोलीत त्याने सगळं तपासलं. सगळं ठीक होतं, फक्त लिफ्ट हलत नव्हती. शेवटी इकडेतिकडे बघून त्याने मेन स्विच बंद केला, दहा मोजले, परत चालू केला. लिफ्ट जागी झाली. हे त्याने पुढे कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही.

आता नियम असा, की मधेच अडकलेली लिफ्ट सोडवताना ती तपासणीच्या चालीने न्यायची. म्हणजे मशीनच्या खोलीतून बटण दाबून, हळू. किती हळू, हे बटण दाबणाऱ्याच्या हातात. जवळचा मजला तिसरा होता.

“बाईंना विचारा,” त्याने मामांना सांगितलं, “तिसऱ्यावर उतरून जिना चढणार, की हळूहळू का होईना, थेट चौथ्यावर नेऊ?”

मामा खाली जाऊन ओरडून आले. “बाई म्हणतात, गुडघे दुखतात, चौथ्यावरच न्या! आणि हळू न्या, बाई घाबरल्यात!”

“नक्की हळू म्हणाल्या?”

“दोनदा म्हणाल्या.”

लिफ्टवाल्याने बटणावर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या लिफ्टने जी चाल घेतली तिला मुंगीनेही मागे टाकलं असतं. नियमाच्या रेघेबाहेर एक इंच नाही, पण रेघेच्या आत जेवढी जागा होती तेवढी सगळी वापरली. खालून प्रिंटरचा आवाज जिन्यातून वर येत होता. खरड्-खर्र, खरड्-खर्र. एकेका पानाला लिफ्ट एकेक वीत चढत होती, आणि तो पानं मोजत होता. एकोणीस... वीस... एकविसाव्याला प्रिंटर खोकला. लिफ्टवाल्याने बटणावरचं बोट उचललं. लिफ्ट क्षणभर विसावली. बाविसावं पान पडलं तसं चौथ्या मजल्याचं दार उघडलं.

मोठ्या बाई बाहेर आल्या तेव्हा समोर ताजं, ऊन ऊन टाइमटेबल घेऊन ती उभी होती. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

“पी.टी.च्या सरांना पहिला, शेवटचा आणि मधले, सगळेच तास?”

“त्यांचा अर्ज फार उपयोगी पडला, बाई,” ती म्हणाली.

बाई खुदकन हसल्या. खरा कॉम्प्युटरवाला मात्र सुरू असलेल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिला. “हा तर चालतोय! मला कशाला बोलावलंत?”

“लिफ्ट दुरुस्त करायला,” शिपाईमामा म्हणाले.

लिफ्टवाला पेटी घेऊन जिन्याने उतरायला लागला तेव्हा ती मागे आली. एक पायरी वर उभी राहून म्हणाली, “लिफ्ट एवढी हळू असते का नेहमी?”

“नाही.”

“मग?”

“आज वजन जास्त होतं,” तो म्हणाला. “फायली... खूप होत्या.”

ती हसली. त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. बोलायचं खूप असलं की असंच होतं. सगळे शब्द एकदम दाराशी येतात आणि एकही बाहेर पडत नाही.

“एक सांगून ठेवतो,” तो शेवटी म्हणाला. “तुमची सवय चांगली आहे, पण लिफ्टच्या दारात कधी घडी खोचू नका. लिफ्ट जागची हलत नाही. मग तक्रार करावी लागते, आणि मग... मलाच यावं लागतं.”

“असं?” ती म्हणाली. डोळे मात्र पेन्सिलीकडे होते, त्याच्या कानामागच्या, तिच्या.

“असं.”

फोन नंबर मागायचा राहिला. रस्त्यावर आल्यावर त्याने कपाळाला हात मारला. परत चढावं, तर निमित्त काय? लिफ्ट तर सुरू होती. लिफ्टवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाचा राग आला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तो इतका चांगला कारागीर होता की लिफ्ट बिघडायचं नावच घेईना. रोज सकाळी तो तक्रारींची यादी बघायचा. शुक्रवारी त्याला वाटलं, आपण मुद्दाम एखादा नट सैल ठेवायला हवा होता. आणि असं वाटल्याबद्दल त्याने स्वतःला दोन शिव्याही दिल्या.

शनिवारी दुपारी यादीत शाळा होती.

फाटकाशी शिपाईमामा भेटले. “जा, जा. आणि हे बघा, आता नव्या बाई म्हणायचं नाही. परवा कागद मिळाला. पक्क्या बाई म्हणायचं!”

चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दारात, बरोबर कळीच्या जागी, एक घडी होती. टेबलाखाली, खिडकीत, कपाटात असते तशीच, कोपऱ्याला कोपरा जुळवलेली. त्याने ती काढली. उलगडली.

टाइमटेबल होतं. बावीस ओळी छापलेल्या, आणि खाली पेन्सिलीने आखलेली तेविसावी ओळ. शिक्षकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, लिफ्टवाले. सोमवार ते शुक्रवार रिकामे. शनिवारी, शेवटच्या तासानंतर, एका चौकोनात बारीक अक्षरात, मोकळा तास, दोघांचा.

आणि तळाला नेहमीची सूचना. बदल हवा असल्यास अर्ज लेखी द्यावा.

ऑफिसात ती टेबलाशी बसली होती. कागद तपासत असल्याचं नाटक चालू होतं, पण कागद उलटा होता.

“झाली लिफ्ट?” तिने वर न बघता विचारलं.

“नाही अजून.”

“मग?”

“एक अर्ज आहे.”

“लेखी लागतो.”

तो टेबलाशी वाकला. कानामागची पेन्सिल काढली. पी.टी.च्या सरांना सात पानं लागली होती. त्याला एक ओळ पुरली. घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि तिच्या हातात दिली.

तिने उलगडली.

‘पहिला तास हवा. शेवटचा हवा. मधले सगळे हवेत.’

ती वाचत राहिली. एक ओळ वाचायला कुणाला एवढा वेळ लागतो? मग तिने लाल पेन उचललं. हात जरा हलला, पण तिने तो घट्ट धरला नाही, त्याला कशाचा आधार लावला नाही. हलू दिला. आणि अर्जावर लिहिलं... मंजूर.

खालून मोठ्या बाईंचा आवाज आला. “अहो, कोण आहे वर? लिफ्टचं काय झालं? माझे गुडघे!”

“आलो, आलो!” लिफ्टवाला ओरडला. दाराकडे पळाला, परत फिरला, विसरलेली पेटी घेतली, परत फिरला, विसरलेली ती—

“मी येतेच आहे,” ती म्हणाली. “पण आधी बाईंना वर आणा. आणि या वेळी जरा भरभर. टाइमटेबल लागलंय.”